धामणकर नाका ते परळ

१० जून २०२५, मंगळवार. पहाटे साडेपाचला आम्ही दोघं धामणकर नाक्यावर ठाण्याच्या बसची वाट बघत उभे होतो. वटपौर्णिमा होती. फुलवालीनं सुताच्या गुंड्या, आंबे आणि फणसाचे गरे मांडायला सुरुवात केली होती. रात्रपाळी सुटलेले मागांवरचे कारागीर केसांत कापसाचे तंतू घेऊन मेट्रोच्या खांबांखाली चहा पीत होते. पाऊस मे महिन्यातच येऊन गेला होता आणि नंतर नुसता उकाडा उरला होता. ह्यांच्या हातात साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात माझी फाइल.

समोरच्या इमारतीतल्या वहिनी सूत घ्यायला आल्या होत्या. "बाई, आज सणाच्या दिवशी एवढ्या सकाळी कुठं?"

"परळला. डोळे दाखवायला," मी म्हटलं.

हे काही बोलले नाहीत. बस येईपर्यंत खांबावरची जाहिरात वाचत राहिले.

माझं वय ५९. पालिकेच्या मराठी शाळेत २३ वर्षं शिकवलं. सातवीच्या मुलींना वर्गाची दारं लावून पाळीविषयी सांगायचं काम दरवर्षी माझ्याकडेच असायचं आणि मी ते आवडीनं करायची. त्या मला पाळी जाऊन सात वर्षं झाल्यावर, गेल्या दिवाळीनंतर, एकदा अंगावर लाल गेलं, तेव्हा मी कपडा धुऊन टाकला आणि गप्प बसले. महिन्याभरानं पुन्हा गेलं. एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी उष्णता म्हणून गोळ्या दिल्या, त्यावर आणखी तीन महिने निघाले. शिवाय दोन वर्षांपूर्वी शिबिरात पॅप तपासणी झाली होती आणि ती स्वच्छ आली होती, म्हणून मी निर्धास्त. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची असते. आतल्या अस्तराच्या कॅन्सरवर तिचा भरवसा धरता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पाळी कायमची थांबल्यावर एक थेंब जरी दिसला तरी सोनोग्राफी करून घ्यायची, हेही नव्हतं. एवढं एक वाक्य त्या मुलींना शिकवलं असतं, तर त्यांच्या आयांपर्यंत तरी गेलं असतं.

सोनोग्राफीत अस्तराची जाडी १९ मिलिमीटर निघाली. या वयात ती साधारण चारच्या आत असावी लागते. मग तुकडा काढून तपासला, मग सिटी स्कॅन. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीलगत गाठी आणि दोन्ही फुफ्फुसांत ठिपके. कॅन्सर गर्भाशयाच्या बाहेर पडून लांब पोचला, की ती चौथी पायरी. रिपोर्ट हातात आला त्या रात्री मी सगळी भांडी पुन्हा घासली. मुलीला नाशिकला फोन केला आणि पिशवीला थोडी सूज आहे म्हणून सांगितलं. आमच्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात. त्या शब्दात कितीतरी गोष्टी झाकल्या जातात.

बस अंजूरफाट्यावरून कशेळीकडे निघाली. काल्हेरपर्यंत दोन्ही बाजूंना गोदामं आणि त्यांच्या दारात उलटे घुसणारे कंटेनर. कशेळीच्या पुलावर बस थांबली ती दहा मिनिटं. खाली पौर्णिमेची ओहोटी होती. पाणी पार मागं गेलेलं, तिवरांची मुळं उघडी, आणि चिखलात एक होडी तिरकी रुतलेली. हे हळूच म्हणाले, "दुपारी भरेल."

ठाण्याला सातला पोचलो. आदल्याच दिवशी, सोमवारी सकाळी, मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडून जिवानिशी गेली होती. फलाटावर सगळे त्याविषयीच बोलत होते, आणि तरीही गाडी येताच दारांना लोंबकळत होते. ह्यांनी घरीच ठरवलं होतं की दिव्यांगांच्या डब्यात चढायचं. त्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना परवानगी आहे. मी नको म्हणत होते. त्या डब्यात पाय ठेवला, की काय झालंय ते सगळ्या फलाटाला कळणार, असं मला वाटत होतं. पण बायकांच्या डब्याची गर्दी पाहिली आणि निमूट ह्यांच्या मागून चढले.

आत कुबड्या मांडीवर आडव्या घेतलेले एक गृहस्थ होते. माझ्या धडधाकट हातापायांकडे बघून म्हणाले, "ताई, हा डबा आपला नाही." चूक त्यांची नव्हती. त्या डब्यात घुसणाऱ्या धडधाकट माणसांशी ते रोज भांडत असणार. ह्यांनी पिशवीतून फाइल काढायला घेतली. मी ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, "मला कॅन्सर आहे. गर्भाशयाचा." आवाज शाळेतला निघाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. गृहस्थांनी कुबड्या उचलून पायाशी ठेवल्या आणि सरकले. खिडकीपाशी सातव्या-आठव्या महिन्याची एक मुलगी होती. तिनं उठून मला खिडकी दिली. मी नको म्हणाले तर म्हणाली, "मला खिडकीपाशी मळमळतं, बसा तुम्ही." भांडुप, घाटकोपर, कुर्ला, सगळी स्टेशनं मी त्या खिडकीतून पाहिली. तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. तिच्या पोटाकडे मी बघितलं नाही असं नाही. माझी मुलगीही त्याच पिशवीत वाढली होती, आणि शीवपर्यंत मला तेवढंच आठवत राहिलं.

परळला उतरून पूल ओलांडला आणि डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर आलो. बोर्जेस मूळचे गोव्याचे, याच रस्त्यावरच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाचे मोठे सर्जन. फुटपाथवर बिछाने गुंडाळून ठेवलेले. बिहार, बंगाल, मराठवाडा, सगळीकडची माणसं. ज्यांना जागा मिळते ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, बाकीच्यांना हा फुटपाथ. आपण बसनं रात्री घरी जाणार, ही केवढी श्रीमंती आहे, ते मला तिथं कळलं.

रुग्णालयात रांगेत नंबर यायला अडीच तास होते. भिंतीवरचा इतिहास ह्यांनी सगळा वाचून काढला आणि मला सांगितला. दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेली. तिच्यावर उपचार झाले ते परदेशात. दुसऱ्या वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. "बायकोसाठी," हे म्हणाले. पुढं त्यांना बोलवेना.

शेजारी बीडकडच्या एक आजी बसल्या होत्या. गाव कुठलं विचारावं तितक्या सहज त्यांनी विचारलं, "तुमचा कशाचा हाय, बाई?"

"पिशवीचा."

"माजा सुदिक. म्हंजी तोंडाचा, पिशवीच्या. किती झाले?"

"आज पहिल्यांदा आले."

"मग भिऊ नका. पयल्या दिशी लई भ्या वाटतं. सुईच्या दिशी पोटभर जेवून यायचं, उपाशी नाय." आणि त्यांनी भाकरीचा चतकोर माझ्या हातावर ठेवला. मला उपास होता. मी खाल्ला.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, आणि कागदावर गर्भाशयाचं चित्र काढलं. ऑपरेशन आता लगेच नाही. आधी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही दोन औषधं शिरेतून, दर २१ दिवसांनी, सहा वेळा. मध्ये स्कॅन करून बघायचं. केस जातील. बोटांना मुंग्या येतील, त्या सांगायच्या, लपवायच्या नाहीत. गाठीच्या तुकड्यावर आणखी एक तपासणी होईल. इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का, ते तिच्यावरून ठरतं. ती औषधं मात्र फार महाग. त्याच तपासणीतून हा आजार घराण्यातून आलाय का याचाही सुगावा लागू शकतो. तसं असेल तर मुलीची तपासणी करावी लागेल.

"बरी होईन का?" मी विचारलं.

"पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू. किती दिवस, ते औषध कसं लागू पडतं त्यावर."

मी धन्यवाद म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. रडले. लोक बाजूनं जात होते, कुणी थांबलं नाही, आणि ते बरं झालं. त्या जिन्यावर रडणाऱ्याला जागा देऊन पुढं जायची पद्धत असावी. नंतर समाजसेवा विभागात गेलो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. त्यांनी केशरी रेशनकार्डाची प्रत मागितली. ती ह्यांनी आठवणीनं घेतली होती. आधार कार्ड मात्र घरी राहिलं होतं.

परतीचा प्रवास फारसा आठवत नाही. ठाण्याला फलाटावरून मुलीला फोन केला आणि चित्र काढल्यासारखं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सूज म्हणालीस ना तू?" मी माफी मागितली.

धामणकर नाक्यावर उतरलो तेव्हा आठ वाजून गेले होते. माग सुरू झाले होते, गल्लीभर खटखट. वहिनी फाटकाशी उभ्या होत्या, मनगटाला सूत गुंडाळलेलं. "काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?"

"वहिनी, डोळे ठीक आहेत. मला गर्भाशयाचा कॅन्सर आहे, पसरलाय. दिवाळीपासून अंगावर जात होतं, मी कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग आवाज खाली आणून विचारलं, "जात होतं म्हणजे किती? रोज की एखाद्‌वेळी?" मी तिथंच उभी राहून सगळं सांगितलं. हे फाइल घेऊन वर गेले.

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. वर्षानुवर्षं त्यावर मी पाळीच्या तारखांना बारीक टिंब करत आले, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. सात वर्षं तिथं फक्त दूध होतं. रात्री पेन घेऊन एकवीस-एकवीस दिवस मोजले. पहिली सुई १७ जून. ८ जुलै, म्हणजे आषाढीनंतर दोन दिवसांनी. २९ जुलै.

"२९ ला नागपंचमी आहे," मी म्हटलं. आमच्यात त्या दिवशी चिरायचं नसतं, सुईला हात लावायचा नसतो.

"नाग समजून घेईल," हे म्हणाले, आणि १९ ऑगस्टवर टिंब करायला त्यांनी पान उलटलं.