दोन अटींचा कागद

अंगानं तो पानभराचा. वर अर्जाचा क्रमांक आणि अर्जदाराचं नाव, खाली सही, मधे जेमतेम दोन अटी. नाव मात्र भारदस्त: टर्मिनल डिस्क्लेमर. अमेरिकेतल्या पेटंटांवर काम करणारे लोक, मग ते व्हर्जिनियात बसलेले असोत की पुण्यात, त्याला नुसतं ‘टीडी’ म्हणतात. पेटंटची फाइल म्हणजे मागण्यांचा ढिगारा. हे आमचं, त्याच्या शेजारचंही आमचं, आणि त्यात कुणी थोडा बदल केला तर तेही आमचंच. त्या ढिगाऱ्यात काहीतरी कायमचं सोडून देण्यासाठी लिहिलेला हा कागद आहे. म्हणून मला तो आवडतो. आणि त्याच्यावर माझा राग आहे तोही यावरूनच, कारण तो जेवढं सोडतो त्याहून पुष्कळ जास्त त्याच्या आडोशानं टिकून राहतं.

पेटंटच्या धंद्यात कुटुंबाचीच भाषा चालते. पहिला अर्ज पेरेंट, त्यातून निघालेला चाइल्ड, सगळ्यांची मिळून फॅमिली. टीडी धाकट्याच्या फाइलीत येऊन बसतो आणि त्याच्या वतीनं दोन वचनं देतो. पहिलं वचन असं, की थोरल्या पेटंटची मुदत ज्या दिवशी संपेल त्यापुढे हे धाकटं एक दिवसही जगणार नाही. दुसरं असं, की दोन्ही पेटंटं एकाच मालकाकडे आहेत तोवरच धाकट्याच्या अंगात जोर राहील. एक विकलं आणि दुसरं ठेवलं, की त्याच्या जोरावर कुणालाही कोर्टात खेचता येणार नाही.

त्याला कामात पाहायचं तर टीव्ही-मोबाइलच्या पडद्यामागे जावं लागतं. ‘आवाज येतो, चित्र येत नाही’ म्हणून एलसीडी टीव्ही दुरुस्तीला नेला, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर आधी काळ्या पडद्यावर टॉर्च धरतो. तिरप्या उजेडात चित्र अंधुक हलताना दिसलं की निदान पक्कं: बॅकलाइट गेली, दिव्यांची पट्टी बदला. एलसीडीचा पडदा स्वतः कधीच उजेड देत नाही. तो उजेड अडवतो किंवा सोडतो, एवढंच. उजेड मागून यावा लागतो, आणि तो सगळीकडे सारखा पसरलेला यावा लागतो. खरी कसोटी आहे ती या सारखेपणाची.

पातळ पडद्यात एलईडी कडेला असतात. त्यांचा उजेड अॅक्रिलिकच्या पातळ पट्टीत कडेनं शिरतो आणि दोन पृष्ठभागांमध्ये आपटत, बाहेर न पडता पुढे जातो. पट्टीच्या पाठीवर बारीक ठिपके असतात. उजेड ठिपक्यावर पडला की दिशा बदलून समोर निसटतो. एलईडीजवळ उजेड भरपूर, म्हणून तिथे ठिपके विरळ. लांब उजेड थकलेला, म्हणून तिथे ठिपके दाट. पाठीमागे पांढरा परावर्तक, पुढे उजेड पसरवणारा डिफ्यूजर, त्यापुढे उजेडाला समोर वळवणारे प्रिझमचे पातळ कागद, मग ध्रुवण करणारी फिल्म. एवढं सगळं पार करून रंगीत चित्र होऊन डोळ्यापर्यंत पोचतो तो मूळ उजेडाच्या दहा टक्क्यांहूनही कमी. बाकीचा वाटेतच मरतो. त्यातला एखादा टक्का वाचवणं म्हणजे बॅटरी जास्त चालणं, टीव्ही कमी तापणं. त्यामुळे इथल्या प्रत्येक थरावर इंजिनियरांनी आयुष्यं घालवली आहेत आणि प्रत्येक थरावर पेटंटं आहेत. आधी थंड कॅथोडच्या नळ्या होत्या, मग पांढरे एलईडी आले. ज्या निळ्या एलईडीमुळे ते शक्य झालं, त्याला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे चित्राच्या काळ्या भागामागचे दिवे तेवढे मंद करण्याची युक्ती आली. त्यात पुढे असलेली व्हँकूव्हरची ब्राइटसाइड ही छोटी कंपनी डॉल्बीनं 2007 मध्ये विकत घेतली. 2021 च्या मोठ्या आयपॅड प्रोमध्ये मागे दहा हजारांहून जास्त मिनी-एलईडी होते आणि 2,596 भाग स्वतंत्रपणे मंद करता येत होते.

अशा क्षेत्रात पहिला अर्ज लिहिणारा माणूस सुचेल ते सगळं वर्णनात घालतो. ठिपके गोल, ठिपके चौकोनी, एलईडी एका कडेला, दोन कडांना, डिफ्यूजर चिकटवलेला, डिफ्यूजर सुटा. दावे मात्र तो त्यातल्या थोड्यांवरच करतो. अमेरिकी कायद्यात फॅमिलीतला एक अर्ज जिवंत आहे तोवर त्याच वर्णनातून नवा अर्ज काढता येतो, त्याला ‘कंटिन्युएशन’ म्हणतात. किती काढावेत याला मर्यादा नाही.

समजा, पहिल्या पेटंटात दावा आहे तो कडेला एलईडी असलेल्या ठिपक्यांच्या पट्टीवर. काही वर्षांनी त्याच कंपनीचा दुसरा अर्ज येतो. त्यात तीच पट्टी, तेच ठिपके, फक्त ‘एलईडी’च्या जागी ‘प्रकाशस्रोत’ असा रुंद शब्द. तिसऱ्यात पट्टी तीच, पण दोन कडांना एलईडी. पेटंट ऑफिसातला एक्झामिनर पहिल्याचे आणि नव्याचे दावे शेजारी ठेवतो. वर्णन बाजूला, दाव्यासमोर दावा. मग विचारतो: पहिला दावा हातात असताना या क्षेत्रातल्या सामान्य कारागिराला दुसरा सहज सुचला नसता का? सुचला असता असं त्याला वाटलं, की तो ‘डबल पेटंटिंग’चा आक्षेप लिहितो.

हा आक्षेप टीडीहून फार जुना आहे. 1819 साली खिळ्यांच्या कारखान्याच्या एका खटल्यात न्यायमूर्ती स्टोरी यांनी बजावलं, की एका शोधासाठी एकाच माणसाला दोनदा मक्तेदारी मिळू शकत नाही. 1894 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं चाकांच्या कोळप्याच्या स्प्रिंगवरून तेच पुन्हा सांगितलं. माझ्या मते त्याचा सगळ्यात स्वच्छ खुलासा 1970 च्या व्होगेल खटल्यात आहे. तिथे पहिलं पेटंट डुकराचं मांस बांधून ठेवण्याच्या पद्धतीवर होतं. नव्या अर्जात एक दावा होता कुठल्याही ‘मांसा’वर आणि दुसरा गोमांसावर. कोर्टानं ‘मांसा’चा दावा नाकारला, कारण मांसात डुकराचं मांस आलंच, आणि तो मान्य केला असता तर जुन्याच पेटंटचं आयुष्य मागच्या दारानं वाढलं असतं. गोमांसाचा दावा मात्र टिकला, कारण दोन्ही मांसं सारखीच वागतात असं दाखवणारं काही कागदपत्रांत नव्हतं. आपल्या उदाहरणातला ‘प्रकाशस्रोत’ म्हणजे ते ‘मांस’. दोन कडांचे एलईडी गोमांसाच्या जागी बसतात की नाही, हे पट्टीतल्या उजेडाची वागणूक पाहूनच ठरवावं लागेल.

टीडीचं बीज 1952 च्या अमेरिकी पेटंट कायद्यात आहे. मुदतीचा शेवटचा भाग जनतेला अर्पण करण्याची सोय त्या कायद्यानं ठेवली, आणि 1964 मध्ये रोबेसन प्रकरणात कोर्टानं मान्य केलं की असा भाग सोडला तर हा आक्षेप मिटतो. त्या काळी त्याला खरंच मोठं काम होतं. पेटंटची मुदत तेव्हा मंजुरीपासून 17 वर्षं असे. पहिलं 1980 मध्ये मंजूर झालं तर 1997 ला संपणार, त्याचंच भावंड 1985 मध्ये मंजूर झालं तर ते 2002 पर्यंत चालणार. जी पट्टी 1997 नंतर कुणीही बनवायला हवी, ती आणखी पाच वर्षं कुलुपात. टीडी ती पाच वर्षं परत घेई. 8 जून 1995 पासून नव्या अर्जांसाठी मुदत पहिल्या दाखल तारखेपासून 20 वर्षं झाली आणि अख्ख्या फॅमिलीचा शेवट बहुतेक एकाच दिवशी येऊ लागला. पण ऑफिसच्या दिरंगाईबद्दल दिवसाला दिवस भरपाई मिळते, आणि ती प्रत्येक भावंडाला वेगळी. टीडी असला की थोरल्याच्या तारखेपुढची भरपाई धाकट्याला मिळत नाही.

दुसऱ्या वचनाची कदर मी पहिल्याहून जास्त करतो. एकाच पट्टीवरची दोन पेटंटं दोन मालकांकडे गेली, तर पडदे बनवणाऱ्यानं एकाशी तडजोड करून पैसे मोजल्यावर दुसरा दारात उभा. भावंडं फुटू नयेत ही अट 1982 मध्ये व्हॅन ऑर्नम प्रकरणात कोर्टानं योग्य ठरवली. पेटंटांचे गठ्ठे विकले जातात, तुटून वाटले जातात, अशा बाजारात ही एक ओळ कारखानदाराच्या बाजूनं उभी राहते. वकिलांच्या लिखाणात मुदतीची चर्चा पानंच्या पानं होते, या ओळीला मात्र कशीबशी जागा मिळते. मला ते अन्यायाचं वाटतं.

आता त्याचा दोष सांगतो. तो वाद मिटवतो, पण प्रश्नाचं उत्तर देत नाही. एक्झामिनरनं विचारलं होतं, दुसरा शोध खरोखर वेगळा आहे का? अर्जदारानं युक्तिवाद केला, तर त्यात महिने जातात आणि जे बोललं ते फाइलीत कायमचं नोंदलं जातं. टीडी ऑनलाइन भरला तर तिथल्या तिथे मंजूर होतो. शिवाय 1991 पासून कोर्टाचं मत असं, की टीडी दिला म्हणजे दुसरा शोध सहज सुचण्यासारखा आहे अशी कबुली दिली असं होत नाही. त्यामुळे फारसे वेगळे नसलेले दावे वेगळं पेटंट होऊन बाहेर पडतात आणि प्रत्येकाला कायदा वैध मानूनच चालतो. पाडायचं तर प्रत्येकाला वेगळं पाडावं लागतं. 2024 मध्ये टीडीची फी होती 170 डॉलर. त्याच वर्षी एखाद्या मंजूर पेटंटला पेटंट ऑफिसच्याच मंडळापुढे आव्हान देऊन शेवटपर्यंत लढायचं, तर सरकारी फीच 41,500 डॉलरपासून सुरू होई, वकील वेगळा. दहा भावंडांच्या फॅमिलीसमोर एखादा लहान पडदा-कारखानदार उभा आहे असं डोळ्यांसमोर आणा. पहिलं थोरलं पेटंट चुकीचं आहे याची त्याला खात्री असली, तरी दहांशी लढायचे पैसे त्याच्याकडे नसतात. तो तडजोड करतो आणि त्या तडजोडीची किंमत शेवटी टीव्हीच्या किमतीत येते.

ऑफिसला हे दिसत नव्हतं असं नाही. मे 2024 मध्ये त्यांनी प्रस्ताव मांडला: टीडीनं बांधलेल्या पेटंटांपैकी एकाचा एक दावा जरी अवैध ठरला, तरी त्याला बांधलेलं दुसरं पेटंट कुणावर बजावता येणार नाही. विरोध जोरात झाला आणि डिसेंबरमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. औषध जहाल होतं, हे मला मान्य आहे. ज्या धाकट्यात खरोखर नवं काही आहे, ते थोरल्याच्या एका चुकलेल्या दाव्यामुळे का बुडावं? पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता.

आणि टीडी नसला तर काय होतं, हे 2023 च्या सेलेक्ट प्रकरणात दिसलं. मोबाइलमधल्या छोट्या कॅमेऱ्यांच्या इमेज सेन्सरवरची एकाच फॅमिलीतली चार पेटंटं, प्रत्येकाला दिरंगाईची वेगवेगळी भरपाई मिळालेली. मंजुरीच्या वेळी कुणी डबल पेटंटिंगचा आक्षेप घेतला नव्हता, म्हणून टीडी दिलेला नव्हता. सॅमसंगवर खटला झाला, सॅमसंगनं फेरतपासणी मागितली, आणि अपील कोर्टानं ठरवलं की डबल पेटंटिंग तपासताना मुदत मोजायची ती भरपाई धरून, आणि पेटंटं पडली. चारही पेटंटांची मुदत एव्हाना संपली होती, त्यामुळे आता टीडी देऊन ती वाचवणंही शक्य नव्हतं. पुढच्याच वर्षी अॅलर्गन प्रकरणात त्याच कोर्टानं थोडी सूट दिली: फॅमिलीत सर्वांत आधी दाखल होऊन सर्वांत आधी मंजूर झालेल्या थोरल्याला, नंतरचं एखादं धाकटं आधी संपतं म्हणून पाडता येणार नाही. ते मला योग्य वाटतं.

आपल्याकडे हा कागद चालत नाही. मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात कंटिन्युएशनही चालत नाही. 1970 च्या कायद्याच्या कलम 46 प्रमाणे पेटंट एकाच शोधासाठी, आणि कलम 16 प्रमाणे अर्ज फोडायचा तर एकातला दावा दुसऱ्यात येणार नाही हे कंट्रोलर पाहू शकतो. मुदत सरळ 20 वर्षं, दिरंगाईची भरपाई नाही. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं मधुमेहाच्या एका औषधावरून हीच ‘एक शोध, एक पेटंट’ची भूमिका घेतली. टीडीची गरजच पडू नये अशी ही रचना आहे, आणि माझी पसंती तिला आहे. पण पुण्या-मुंबईतली कितीतरी तरुण मुलं-मुली अमेरिकी अर्जांच्या आक्षेपांना उत्तरं तयार करतात. बॅकलाइटच्या अर्जावर डबल पेटंटिंगचा आक्षेप आला, की टीडी द्यायचा की भांडायचं, या प्रश्नाशी त्यांची रोजची गाठ असते.

त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर माझी एक मागणी तिनं किंवा त्यानं आपल्या अमेरिकी पक्षकारापुढे ठेवावी. अमेरिकी पेटंटच्या पहिल्या पानावर चांदणीची खूण करून एक ओळ छापतात, की हे पेटंट टर्मिनल डिस्क्लेमरच्या अधीन आहे. जुन्या पेटंटांवर त्याबरोबर तारीखही असे. आता फक्त ती ओळ असते. कोणत्या थोरल्याला हे बांधलंय, त्याचा क्रमांक काय, हे पाहायला अख्खी फाइल उघडावी लागते. ज्या कारखानदाराला उद्या नोटीस येणार, त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच. टीडी दिला की थोरल्याचा क्रमांक आणि शेवटची तारीख पहिल्याच पानावर छापायला हवी. त्यासाठी त्या दोन अटींतला एक शब्दही बदलावा लागणार नाही.