चषकाआधी पेठ

उल्हासनगर, कॅम्प 4

चि. पिंटूस,


तुझा निरोप पोचला. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पोरांची मिळून रविवारची फुटबॉल लीग काढायची म्हणतोस. चषक एक पुढारी देणार, जर्सी एक दुकानदार देणार, आणि कोल्हापुरात वाढलेल्या आत्याचं मत तुला हवंय. फोनवर बोलले असते तर तू निम्म्यातच 'हो हो' म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून सवडीनं लिहिते.

आमच्याकडं चषक फार उशिरा आले. आधी तालमी होत्या. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान झालं, आणि पेठेपेठेत लाल माती अंगाला लावणारी पोरं तयार झाली. पण तालमीचं काम कुस्तीवर थांबत नाही. गणपती तिचा, शिवजयंती तिची. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, पंचगंगेचं पाणी चढलेलं असो, पहिल्यांदा धावतात ती तालमीचीच माणसं. याच पोरांनी पुढं फुटबॉल धरला. संघांची नावं बघ: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, जुना बुधवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. एखाद्या साहेबाच्या नावाचा संघ सापडायचा नाही. साहेब बदलतात, पेठ तिथंच असते. म्हणून आज खेळणाऱ्या पोराचा बापही त्याच संघातून खेळलेला असतो, आणि आजोबा गॅलरीत बसून दोघांच्याही चुका काढतात.

मुंबईत रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला. त्यात आधी गोऱ्या पलटणींचे संघ, पुढं कोलकात्याचे आणि बाहेरचे मोठमोठे क्लब. तो कप केवढा मानाचा होता! तरी बंद पडला. कोल्हापूरच्या लीगला तेवढी कीर्ती कधी मिळाली नाही, पण ती चालू आहे. कारण सामना ठरला की कुणाला तरी घर सोडून गॅलरीत जावंच लागतं, त्याच्या पेठेची अब्रू मैदानात असते.

आता दुसरी बाजू. नुसत्या पेठेच्या जोरावर लीग चालली असती तर दोन वर्षांत डोकी फुटून संपली असती. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की गॅलरीत काय होतं ते तुझ्या बाबांना विचार. खुन्नस असते, शिव्या असतात, हुल्लडबाजीनं सामने थांबलेत, पोलिसांना यावं लागलंय. हे लपवून तुला कोल्हापूरचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. जी ओढ गॅलरी भरते तीच दगडही उचलते.

ही ओढ आवरते ती 1940 साली झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. आम्ही सगळे केएसए म्हणतो. राजघराण्याचा तिला पहिल्यापासून आधार. आज मालोजीराजे छत्रपती फुटबॉलचं बघतात, ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही गेले. हंगामाच्या आधी केएसएकडं खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुठल्या संघातून खेळणार ते त्या कागदावर ठरतं. मग हंगामाच्या मध्येच एखाद्या तालमीनं जास्त पैसे दाखवले म्हणून कुणी उडी मारू शकत नाही. मध्यंतरी आफ्रिकेतले खेळाडूसुद्धा आमच्या संघांत आले, तेव्हाही भांडण शेवटी याच मुद्द्यावर यायचं: बाहेरचे किती, आणि पेठेतल्या पोरानं बसायचं कुठं? असल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही एका तालमीच्या हातात असून चालत नाही.

लीग संपल्यावर बाकीच्या स्पर्धा लागतात. सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक. तिथं बक्षिसं मोठी, शाहू स्टेडियम ओसंडतं, टायब्रेकरला लोकांचा श्वास अडकतो. तुझ्या डोक्यात तेच चित्र असणार. पण हिशेब कर. आठ संघांची बाद फेरी घेतलीस तर सगळे मिळून सात सामने, आणि चार संघ पहिल्याच रविवारी घरी. ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज, तेच आधी बाहेर. तेच आठ संघ साखळीत खेळव: अठ्ठावीस सामने होतात, आणि शेवटच्या नंबरच्या संघालाही सात मिळतात. पोरगं हरत हरत शिकतं ते इथंच. आमच्या गल्ल्यांतून निघालेला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोचला. त्यांना पुढं बाहेर शिकवणारे भेटले हे खरं, पण मुळात चेंडू पायाला लागायला आसपास फुटबॉल चालू असावा लागतो, वर्षानुवर्षं.

तू म्हणशील, आत्या, आपल्याकडं पेठा कुठायत? मी इथं लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. युद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या छावण्या, फाळणीनंतर तिथं उतरलेले सिंधी निर्वासित, 1949 साली ठेवलेलं उल्हासनगर हे नाव. पण आज मराठा सेक्शनमधला माणूस पत्ता सांगताना 'मराठा सेक्शन' असंच सांगतो. लालचक्कीचा लालचक्की म्हणतो, सुभाष टेकडीचा सुभाष टेकडी. अंबरनाथला कारखान्यांच्या वसाहती आहेत, बदलापूरला जुनं गाव. पेठेला याहून वेगळं काय लागतं? उलट आपली एक सोय आहे. एकाच सेक्शनमध्ये सिंधी, मराठी, उत्तरेकडचे, सगळे शेजारी राहतात. संघ सेक्शनचा केलास तर तो आपोआप सगळ्यांचा होईल. जातीचा, भाषेचा किंवा नगरसेवकाचा केलास तर पहिल्या निवडणुकीत फुटेल.

तेव्हा चषकवाल्याला थोडं थांबव. आधी आठ सेक्शन नक्की कर, नोंदणीची तारीख आणि संघ बदलायचा नियम लिहून काढ, आणि ज्यांचा कुठलाच संघ नाही अशी तीन माणसं निर्णयाला बसव. रेफरीचं मानधन जर्सीच्या आधी बाजूला काढ. हे झाल्यावर चषकावर कुणाचं का नाव असेना.

पहिल्या वर्षी कोण जिंकलं याचा फार विचार करू नको. दुसऱ्या वर्षी आठच्या आठ संघ नोंदणीला परत आले, तर लीग सुरू झाली असं समज, आणि मग मला बोलाव.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या