मुका पियानो

भिवंडींत राहणाऱ्या माणसानें शांतता विकत घ्यावी, हें ऐकून पुण्यामुंबईकडचे आमचे आप्त हंसले. त्यांच्या हंसण्यांत तथ्य आहे. ज्या गांवीं यंत्रमागांची खटखट हाच जणूं हवेचा गुण झाला आहे, आणि ती थांबली तर लोक दचकून ‘वीज गेली वाटतें’ म्हणतात, तेथें एका मुलीच्या पियानोनें कोणाची झोपमोड व्हावयाची? शेजाऱ्यांची नव्हे, हें खरें. पण प्रश्न शेजाऱ्यांचा नव्हताच. तो आमच्या मातोश्रींचा होता.

गेल्या माघांत आईला अर्धांगाचा झटका आला. जीव वांचला, बोलणेंही बरेंचसें परत आलें. झोप मात्र गेली ती गेलीच. मागांच्या एकसुरी आवाजाला तिचे कान जन्मभर सरावलेले; त्यांत तिला डुलकी लागते. मध्येंच उमटलेला एखादा स्वर मात्र तिला खाडकन् जागें करतो. रात्रीं नऊनंतर घरांत गडबड नको, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. इकडे आमची धाकटी ठाण्याच्या कॉलेजांतून बसनें घरीं पोंचते तीच आठ वाजतां. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानोच्या परीक्षा ती एकामागून एक देत आली, आणि आतां आठवी पायरी राहिली आहे. एवढीं वर्षें विजेच्या कीबोर्डवर भागलें. यापुढें खरें वाद्य हवें, असें तिच्या बाईंनीं निक्षून सांगितलें.

पैशाचें म्हणाल तर तो आमच्या कर्तबगारीचा नव्हे. आजोबांच्या वेळचीं भाताचीं खाचरें होतीं. भिवंडीभोंवतालच्या कितीतरी खाचरांप्रमाणें तींही गोदामांखालीं गेलीं. जेथें आश्विनांत भात डुलत असे, तेथें आतां पत्र्याच्या छपराखालीं खोकीं रचलेलीं असतात. त्या पैशाचा थोडा भाग तरी सुरांत जावा, ही सौभाग्यवतींची इच्छा. आंकडा येथें लिहीत नाहीं. तो वाचून वाचक पुढचा मजकूर निराळ्या नजरेनें वाचूं लागतील.

आडवा, म्हणजे ग्रँड पियानोच कां, उभा कां नको, हें मीं बाईंना विचारलें. पट्टी दाबली कीं आंतली हातोडी उसळून तारेवर आपटते व मागें येते. उभ्या पियानोंत तिला परत आणावयास स्प्रिंगची मदत लागते; ग्रँडमध्यें ती खालून वर जाते आणि आपल्याच भारानें खालीं पडते. शिवाय १८२१ सालीं एरार या फ्रेंच कारागिरानें अशी युक्ति बसविली कीं, पट्टी पुरती वर येण्यापूर्वींच तोच स्वर पुन्हां वाजवितां यावा. द्रुत गतींत हा फरक बोटांना कळतो. इतकें ऐकल्यावर ‘उभा’ हा शब्द आमच्या घरांत कोणी पुन्हां उच्चारला नाहीं.

पियानोला मुका करण्याची कला त्यामानानें अलीकडची. यामाहा कंपनीनें असा पियानो १९९३ सालीं बाजारांत आणला. कळ फिरवली कीं हातोड्यांच्या दांड्यांपुढें एक आडवा गज येतो आणि तारेला भिडण्याच्या केंसभर आधीं त्यांना अडवितो. बोटांना भार लागतो तो खऱ्या हातोडीचाच. तार मात्र गप्प. पट्टी किती वेगानें खालीं गेली तें आंतलें यंत्र टिपतें आणि त्या मापाचा स्वर हेडफोनमधून वाजविणाऱ्याच्या कानांत उतरतो. इटलींत १७०० च्या सुमारास क्रिस्तोफोरीनें हें वाद्य घडविलें तें हळू आणि मोठ्यानें असें दोन्ही वाजावें म्हणून. नांवही त्यावरूनच पडलें. तीनशें वर्षांनीं आम्ही तें मुळींच न वाजण्यासाठीं निराळे पैसे मोजावयास निघालों!

मुंबईंत धोबी तलावाजवळ फुर्ताडोंचें दुकान आहे. ती पेढी १८६५ सालची. तेथें व इतरत्र मिळून चार दुपारी गेल्या. एके ठिकाणीं मुलगी हेडफोन लावून बसली. तिचीं बोटें धांवत होतीं, मान डोलत होती, एकदां तर डोळे मिटले गेले. आणि मला ऐकूं येत होता तो फक्त लाकडाचा ठक्‌ठक् आवाज, आमच्या आळींतल्या मागाचा धाकटा भाऊच म्हणाना! आपल्या मुलीला एवढा आनंद कशानें होतो आहे तें समोर उभें राहूनही कळूं नये, ही अवस्था मला नवी होती. आमच्या घरांत आजवर कोणी एकांतांत कांहीं शिकलेलें नाहीं. पाढे, रूपावली, आईची पेटी, सगळें माजघरांत, सर्वांच्या कानांवर. चुकलें कीं स्वयंपाकघरांतून हांक येई.

मग तिनें हेडफोन काढून तोच भाग उघड वाजविला, आणि तिचा चेहरा उतरला. “बाबा, हा तो नाहींच!” विक्रेत्यानें हंसत खुलासा केला. कानांत येतो तो समोरच्या पांच फुटी पियानोचा आवाज नव्हेच. मैफलींतल्या नऊ फुटी पियानोचे स्वर टिपून आंत सांठविलेले असतात. माझ्या मतें या सौद्यांतली खरी मेख येथें आहे, आणि ती आपण होऊन कोणी दाखवीत नाहीं. त्यांतून आमचा पावसाळा! आषाढश्रावणांत लाकूड फुगतें, पट्ट्या जड होतात, सूर हलतो. मुंबईहून सूर लावणारा बोलवावा लागतो. कानांतला पियानो मात्र बारा महिने सुरांत. रात्रीं नऊ फुटी आणि निर्दोष, सकाळीं पांच फुटी आणि दमट. पोर रात्रीचीच वाट पाहूं लागली तर?

तितक्याच पैशांत बिनमुका, पण वीतभर लांब पियानो मिळत होता. पियानोंत वीतभर म्हणजे थोडें नव्हे: खर्जाच्या तारा लांबतात आणि खर्ज भरदार होतो. बाईंचा कल तिकडे होता, माझाही होता. शिवाय लाकूड-लोखंड पन्नास वर्षें टिकेल, आंतलीं विजेचीं यंत्रें त्याच्या कितीतरी आधीं बदलावीं लागतील. पण वीतभर खर्जासाठीं आईची झोप मागावयाची कोणी? आणि तो लांब पियानो रात्रीं झांकूनच ठेवावयाचा तर मुलीच्या वांट्याला येणार काय, रविवार? मुका ठरला. बाईंनीं तो मान्य केला, पण रात्रीं बोटांची मेहनत करावी, स्वर घडवावयाचा तो उघड्यावरच, असें बजावून.

आईनें आपली अट घातली. “आठाला आलीस कीं नऊपर्यंत उघड वाजव. मग रात्रीं काय तें तुझें तूं कर.” मुलगी कुरकुरली. दमून आल्यावरचा पहिला तास चुकांचा, आणि नेमका तोच सर्वांच्या कानांवर! “मला तोच हवा,” आई म्हणाली. तिला पियानोचें ज्ञान नाहीं. पण एकच ओळ तिसऱ्यांदा अडली कीं तें तिला अंथरुणावरून कळतें, हें आम्हीं कीबोर्डच्या वेळींच पाहिलें आहे.

विसार दिला आहे. वाद्य २५० किलोंहून अधिक भरतें. पाय काढून, कुशीवर उभें करून आणतात, म्हणून आमच्या दाराची चौकट वांचली. जागा माजघरांतली, आईच्या खोलीपासून एक भिंत सोडून. रात्रीची लाकडाची ठक्‌ठक् तिकडे जाऊं नये म्हणून खालीं जाड सतरंजी घालावी, असें मीं सुचविलें. आई म्हणाली, “नको रे, त्या आवाजानें झोप येते.”