मूळव्याध समजून सोडू नका
बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, फोडल्यावर आत गुलाबी अळी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं तसंच.

थोरल्या भावाला शौचातून रक्त पडायचं. सगळे म्हणाले मूळव्याध, मलम लावत राहिला. ८ महिन्यांनी दुर्बिणीतून तपासलं तर गाठ. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे.

सख्ख्या नात्यात असला की धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी मलाही तपासलं. मला काहीच त्रास नव्हता, तरी पॉलिप निघाला. छोटा होता, दुर्बिणीतूनच काढला. अशा पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा १० एक वर्षं जातात. तेवढा वेळ आपल्या हातात असतो.

रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, विनाकारण वजन उतरलं तर लाजू नका, दाखवा. घरात कुणाला झाला असेल तर चाळिशीतच डॉक्टरांना विचारा.