डाव बघायचे नाहीत

बुद्धिबळाचं इंजिन लिहितो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग ते तुम्हाला हरवतं का? हरवतं की, केव्हाचंच. मला छळणारा प्रश्न वेगळाच असतो. आज दुपारी कोडमध्ये एका ठिकाणी ३ चे ४ केले, त्याने कालच्यापेक्षा खेळ सुधारला की बिघडला?

डोळ्यांना हे कळत नाही. नवी आवृत्ती एखाद्या डावात हत्ती देऊन असा हल्ला चढवते की वाटतं, जमलं! पण तोच हत्ती कदाचित जुनीनेही दिला असता. दहा डावांत ६-४ झालं तर त्यात काहीच नाही, नाणं उडवूनही तेवढं पदरात पडतं. समजा, हजार डाव खेळवले: २१२ जिंकले, १९८ हरले, ५९० बरोबरीत. हिशेबाने, एलो या ताकदीच्या मापात, नवी आवृत्ती ५ गुणांनी सरस. पण नशिबाचा वाटा धरला तर हा आकडा दोन्हीकडे साधारण १४ ने हलू शकतो. म्हणजे ती १९ ने पुढे असेल, नाहीतर ९ ने मागे. एवढी रात्र जागवून हाती हे! आणि हल्लीच्या सुधारणा असतात दोन-तीन एलोंच्या.

म्हणून आधी मांडणी चोख लागते. तळाशी चाली तयार करणारा भाग बिनचूक आहे ना, हे बघायचं. सुरुवातीच्या स्थितीपासून दोन्ही बाजूंच्या मिळून पाच चालींपर्यंत सगळे मार्ग मोजले तर ४८,६५,६०९ भरायला हवेत. एकही कमी-जास्त आला की आँ पासाँमध्ये नाहीतर आणखी कुठेतरी घोळ आहे समजा. मग सामने. प्रत्येक सुरुवात दोनदा, रंग बदलून. सुरुवातीही मुद्दाम थोड्या एका बाजूला झुकलेल्या घ्यायच्या, नाहीतर तगडी इंजिनं बरोबरीवर बरोबरी करत बसतात. वेळ डावाला दहा सेकंद, वर प्रत्येक चालीला सेकंदाचा दहावा भाग. त्याच यंत्रावर घरातलं कोणी सिनेमा लावून बसलं तर एक बाजू वेळेवर हरते, आणि तो निकाल बुद्धिबळाचा राहत नाही.

थांबायचं कधी, हा सगळ्यात नाजूक भाग. आकडा चांगला दिसला की थांबायचं, वाईट दिसला की आणखी शंभर डाव लावायचे, असं केलं तर कुठलाही बदल पास होतो. यावरची तोड दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने काढली, युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी. प्रत्येक निकालागणिक पुराव्याचा एक आकडा वर-खाली होतो. तो २.९४ ला पोचला तर बदल ठेवायचा, उणे २.९४ ला पोचला तर टाकायचा, मध्ये असेपर्यंत हात लावायचा नाही. २.५ पर्यंत चढलेला आकडा जेवून येईपर्यंत शून्याखाली गेलेला असतो. तिथे डाव उघडून बघण्याचा मोह आवरणं, हीच या कामातली खरी शिस्त. ‘स्टॉकफिश’ या इंजिनासाठी २०१३ पासून जगभरचे स्वयंसेवक आपापली यंत्रं देतात आणि त्यांच्यावर हेच चालू असतं, दिवसरात्र.

एक खोच मात्र राहतेच. नवी आवृत्ती जुनीविरुद्ध वीस एलो कमावते आणि परक्या इंजिनांसमोर त्यातले निम्मेही दिसत नाहीत. एकाच तालमीतले दोन पहिलवान. एकाला नवा डाव सुचला की दुसरा चितपट होतो, बाहेरच्या आखाड्यात तोच डाव कोणी मोजत नाही. म्हणून मी परकी इंजिनं हाताशी ठेवतो, आणि आपल्या घरच्या विजयावर निम्माच विश्वास ठेवतो.

मला सगळ्यात आवडतात त्या काढून टाकायच्या चाचण्या. एखादी ओळ उडवली आणि खेळ घसरला नाही, तर ती ओळ गेली. २०२० मध्ये ‘स्टॉकफिश’मध्ये न्यूरल नेटवर्क आलं, आणि २०२३ मध्ये माणसांनी हाताने लिहिलेलं मूल्यमापन तिथून काढून टाकलं गेलं: एकाकी प्याद्याला दंड, मोकळ्या पट्टीवरच्या हत्तीला बक्षीस, आपण पुस्तकांतून घोकलेलं सगळं. वर्षानुवर्षं तासून बसवलेले ते आकडे होते. माझ्या इंजिनात मोकळ्या पट्टीवरच्या हत्तीला अजून जादा गुण मिळतात. ती ओळ काढून बघायची चाचणी मी मुद्दामच लावत नाही.