हिरव्या चष्म्यांचे नगर

वसतिगृहातील मुले लवकर मोठी होतात, असे म्हणतात. घंटेच्या ठोक्यावर उठणारी, स्वतःचे कपडे स्वतः धुणारी, घराची आठवण उशीत लपविणारी मुले परीकथेत रमत नाहीत, असाही समज आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. आयुष्यात आम्हाला जे थोडे शहाणपण लाभले, त्यातील मोठा वाटा एका जादूच्या गोष्टीचा आहे, आणि ते ऋण या स्मरणिकेच्या निमित्ताने नोंदवावे, असे मनापासून वाटते.

ती गोष्ट म्हणजे एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाचे १९०० साली प्रसिद्ध झालेले 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ'. सायंकाळची वंदना आणि जेवण आटोपले की आमचे गुरुजी इंग्रजी पुस्तक समोर ठेवून ती मराठीत सांगत. चोवीस प्रकरणे; रोज एकच.

कॅन्सासच्या रुक्ष माळरानावर काका-काकूंजवळ राहणारी डोरोथी ही अनाथ मुलगी. चक्रीवादळ तिचे घरच उचलते आणि तिला ओझच्या अद्भुत देशात नेऊन टाकते. तेथे फुले आहेत, फळे आहेत, झुळझुळते ओढे आहेत. तरी तिला परत जायचे आहे ते त्या करड्या, भेगाळलेल्या माळावर. तिच्यासोबत निघालेल्या बुजगावण्याला याचा उलगडा होत नाही. आम्हाला मात्र तो तत्काळ झाला. आमच्यापैकी अनेकांची गावे अशीच उन्हाने करपलेली होती. वसतिगृहात दोन वेळचे जेवण होते, दिवे होते, पुस्तके होती. तरी शनिवार आला की डोळे एसटीच्या रस्त्याकडे लागत.

डोरोथीला वाटेत तीन सोबती भेटतात. बुजगावण्याला मेंदू हवा आहे, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय हवे आहे, भित्र्या सिंहाला धैर्य हवे आहे. ओझचा महान जादूगार ते देईल, या आशेवर सारे चालू लागतात. वाटेत एक रुंद दरी आडवी येते. सिंह भीत भीतच एकेकाला पाठीवर घेऊन उडी मारतो. पुढची दरी त्याहूनही रुंद असते, तेव्हा झाड तोडून पूल करण्याची युक्ती बुजगावणेच सांगते. लाकूडतोड्याच्या पायाखाली एक किडा चिरडतो, तर तो इतका रडतो की अश्रूंनी त्याचा जबडा गंजून जातो. ज्याला जे आपल्यापाशी नाही असे वाटते, तेच तो वाटभर इतरांसाठी खर्च करीत असतो. हे गुरुजींनी कधी समजावून सांगितले नाही. ते आमचे आम्हालाच उमगले, आणि मग आम्ही एकमेकांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. गणितात मागे पडणारा आमचा सोबती बिघडलेला पंप अर्ध्या तासात सुरू करीत असे. त्याला 'ढ' म्हणणे त्या सुमारास आपोआप बंद झाले.

पाचूनगरीचे प्रकरण मात्र आम्हाला पुरते कळले ते फार पुढे. त्या नगरीत प्रवेश करताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून त्याला कुलूप लावतात. सारे नगर हिरवेगार दिसते. तेथील राजवाड्यात डोरोथीला मिळालेला हिरवा रेशमी झगा नगराबाहेर आल्यावर पांढरा शुभ्र निघतो. शिक्षणासाठी शहरात गेलो तेव्हा असे चष्मे आम्हालाही देऊ केले गेले. आमच्या बोलीतला हेल ऐकून कोणी हसे. आडनाव विचारताना समोरच्याचा आवाज बदले. मग सांगताना आमचाही खाली जाई. बोली बदला, गाव सांगू नका, मग येथे सारे हिरवे दिसेल, असा तो न बोललेला सल्ला होता. त्या दिवसांत पांढरा निघालेला तो झगा आम्हाला वारंवार आठवला. जे चष्म्यामुळे हिरवे दिसते, त्यासाठी आपला रंग का सोडावा?

महान जादूगार अखेरीस पडद्यामागचा एक साधा माणूस निघतो. तो बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा, टाचण्या व सुया भरतो. लाकूडतोड्याला भुसा भरलेले रेशमी हृदय देतो. सिंहाला एक पेय पाजतो. तिघेही तृप्त होतात. ही फसवणूक म्हणावी काय? आमच्यात यावर पुष्कळ वाद झाले. आज वाटते, आमची प्रमाणपत्रे आणि पदकेही याच जातीची आहेत. त्यांनी मनाला उभारी दिली, त्यांचा अनादर करू नये. परंतु त्यांवर लिहिलेले गुण त्यांच्या आधीच वाटेवर प्रकट झालेले होते, आणि ते प्रथम पाहिले ते सोबत्यांनी.

'स्वतःसारखे व्हा' असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. तो ऐकताना वाटते की हे काम माणसाने एकट्याने, आरशासमोर उभे राहून करावयाचे आहे. बॉमची गोष्ट निराळे सांगते. डोरोथीला घरी नेण्याचे सामर्थ्य तिच्या पायातील चंदेरी बुटांत पहिल्या दिवसापासून होते. हे तिला कळते ते शेवटी, भल्या चेटकिणीच्या तोंडून. त्यावर बुजगावणे म्हणते की तुला हे आधी कळले असते, तर मी जन्मभर शेतातच उभा राहिलो असतो. डोरोथीलाही आपण मित्रांच्या उपयोगी पडलो याचा आनंद होतो. लांबची वाट व्यर्थ गेली, असे कोणालाच वाटत नाही.

आज आमच्यातील कोणी शिक्षक आहे, कोणी परिचारिका, कोणी एसटीत चालक, कोणी शेती करतो. या वास्तूत आज राहणाऱ्या धाकट्या भावंडांना आमचे सांगणे एवढेच: तुमचे बूट तुमच्याच पायांत आहेत. तरी ही वाट सोबत्यांबरोबर चाला. शेतात उभे असलेले कोणीतरी तुमची वाट पाहत असेल.