दगडांची बाराखडी

साठी आणि बुद्धि नाठी, ही म्हण आम्ही आजवर दुसऱ्यांस लावीत आलों. गेल्या वर्षीं ती आम्हांसच लागू पडली. आमची पुतणी कॉलेजांत भूशास्त्र शिकते. सायंकाळीं देवापाशीं दिवा लागला, कीं ती पुस्तक आमच्या हातीं देई आणि पाठ म्हणून दाखवी. 'अग्निजन्य', 'स्तरित', 'रूपांतरित' येथपर्यंत संस्कृताच्या आधारानें आमचें ठीक चाललें. पुढें बेसाल्ट, ट्रॅप, लॅटेराइट आले आणि जीभ अडखळूं लागली. लहानपणीं रूपावली घोकली तसे ते शब्द आम्हीं घोकले. पण सकाळचें स्नान होईतों निम्मे विसरत असूं.

"काका, शब्द पाठ करूं नका, त्यांच्या आंत पाहा," असें ती एके दिवशीं म्हणाली. ट्रॅप या शब्दाचें मूळ स्वीडिश भाषेंत, व तेथें त्याचा अर्थ जिना! सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. त्यांतील कठीण भागांचे कडे राहिले, मऊ भाग झिजून उतार झाले; म्हणून सह्याद्रि दुरून पायऱ्यांसारखा दिसतो. खंडाळ्याच्या घाटांतून आम्ही जन्मभर गेलों-आलों, पण हा जिना कधीं पाहिला नव्हता.

लॅटेराइटची गोष्ट याहून मौजेची. फ्रान्सिस बुकॅनन यांनीं मलबारांतील अंगाडिपुरम येथील दगडास हें नांव दिलें व तें १८०७ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतील मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'वीट'. हा दगड खाणींत मऊ असतो, उघड्यावर आला कीं घट्ट होतो. आमच्या कोंकणांतला जांभा तो हाच. मलबारचे लोक त्यास आपल्या बोलींत 'विटेचा दगड'च म्हणत. म्हणजे शास्त्रानें केवळ अनुवाद केला, असें म्हणून आम्ही पोटभर हंसलों.

परंतु पुढच्याच पाठाला तें हंसूं मावळलें. पुस्तकांत लिहिलें होतें, कीं बेसाल्टच्या प्रदेशांत पाणी सांठतें तें मुरमांत आणि खडकाच्या फटींत. अखंड खडकांत तें फारसें नसतें. हें आम्हीं पूर्वीं ऐकलें होतें! वीस वर्षांमागें मळ्यांतली विहीर आटली, तेव्हां पहारीचा आवाज ऐकून एका म्हाताऱ्या गड्यानें सांगितलें होतें, "अण्णा, मुरूम सरला. खालीं सगळा काळा पाषाण आहे. पाणी नाहीं लागायचं." अक्षरशत्रूला काय कळतें, असें म्हणून आम्हीं सुरुंग लावून आणखी पंधरा फूट खोदविलें. पैसा थोरल्या बंधूंनीं मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेला होता. पाणी लागलें नाहीं. वहिनींनीं त्याबद्दल आजतागाईत एक शब्द काढलेला नाहीं.

तो गडी आतां हयात नाहीं. पुतणीला आम्हीं सर्व हकीकत सांगितली. तिनें कांहीं न बोलतां वहींत 'अखंड बेसाल्ट' या शब्दासमोर 'काळा पाषाण' असें लिहून ठेवलें. परीक्षेंत तो शब्द कोणी विचारणार नाहीं. आमचा मात्र तेवढा एक पक्का पाठ झाला आहे.